टाउनसेंडला आरव्ही नेताना : पहिल्या सहलीचे नियोजन

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अटलांटाजवळ राहणारे आपले सहा जणांचे कुटुंब, म्हणजे आपण दोघे, शाळेत जाणारी दोन मुले आणि नाशिकहून आलेले आई-वडील, ऑक्टोबरच्या शालेय सुट्टीत टेनेसी राज्यातील टाउनसेंड या छोट्या गावी चार रात्री आरव्हीत, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, राहू इच्छिते. गाडी भाड्याने घ्यायची आहे आणि यापूर्वी कोणीही आरव्ही चालवलेली नाही. तेव्हा गाडी कोणती घ्यावी, मुक्काम ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात करावा की गावात, आणि स्वयंपाक व शौचालय यांची व्यवस्था कशी लावावी, असे आपण विचारले आहे.

सर्वप्रथम माझे मत सांगतो, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरून आपोआप ठरतात. टाउनसेंडमध्ये आरव्ही हे राहण्याचे घर समजावे, फिरण्याचे वाहन समजू नये. गाडी पहिल्या दिवशी दुपारी जागेवर लावावी, सपाट करावी, वीज-पाणी जोडावे आणि निघण्याच्या सकाळपर्यंत ती हलवू नये. फिरण्यासाठी आपली नेहमीची मोटार सोबत न्यावी. एकाने आरव्ही चालवावी आणि दुसऱ्याने मोटारीतून आई-वडिलांना व मुलांना आणावे. यात इंधनाचा थोडा जादा खर्च आहे हे खरे, पण दर वेळी सहा जणांचे अंथरूण-पांघरूण आवरून, नळ-तारा सोडून आणि कपाटे बंद करून दुधाच्या पिशवीसाठी तीस फुटी गाडी बाहेर काढणे किती त्रासाचे असते, हे दुसऱ्याच दिवशी लक्षात येते.

उद्यानातले रस्ते हे त्याचे दुसरे कारण आहे. टाउनसेंडहून गॅटलिनबर्गच्या दिशेने जाणारा लिटल रिव्हर रस्ता नदीच्या कडेकडेने सतत वळत जातो, कारण तो मुळात लाकूड वाहून नेणाऱ्या रेल्वेच्या जुन्या मार्गावर बांधलेला आहे. १९०१ साली पेनसिल्व्हेनियातून आलेल्या विल्सन टाउनसेंड यांनी येथे लिटल रिव्हर लंबर कंपनी सुरू केली. गावाचे नाव त्यांचेच आहे. त्या काळच्या छोट्या इंजिनांना जे वळण जमत होते, तेच आज आपल्याला घ्यावे लागते, आणि एका बाजूला नदी व दुसऱ्या बाजूला रस्त्यावर झुकलेला कातळ असताना अकरा-बारा फूट उंचीची गाडी तेथे चालवणे नवख्याला मुळीच सुखाचे नाही. केड्स कोव्ह या प्रसिद्ध खोऱ्यातला ११ मैलांचा एकेरी वळसा सपाट असला, तरी ऑक्टोबरमध्ये अस्वल किंवा हरीण दिसले की पुढच्या गाड्या थांबतात आणि सगळी रांग अडते. त्या रांगेत दोन-तीन तास सहज जातात. शिवाय उद्यानातल्या वाहनतळांवर मोठ्या गाडीला जागा मिळणे अवघड असते.

मुक्कामाच्या प्रश्नाचे उत्तरही यातूनच निघते. उद्यानातील केड्स कोव्ह आणि एल्कमाँट ही दोन्ही कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू किंवा आरव्ही लावून मुक्काम करण्याचे तळ, सुंदर आहेत. केड्स कोव्हचे वर्षभर सुरू असते आणि तेथे दीडशेहून अधिक जागा आहेत. मात्र या दोन्ही ठिकाणी वीज, पाणी किंवा सांडपाणी यांपैकी कशाचीही जोडणी गाडीला मिळत नाही, जनरेटर ठरावीक तासांतच चालवता येतो, गाडीच्या लांबीवर मर्यादा आहे आणि एका जागेवर सहाच माणसांना परवानगी असते. दोघा-तिघा अनुभवी माणसांना हे सगळे चालते. पहिल्यांदाच आरव्ही वापरणाऱ्या आणि सोबत वयस्कर माणसे असलेल्या सहा जणांच्या कुटुंबाने मात्र गावातील खासगी कॅम्पग्राउंडमध्ये तिन्ही जोडण्या असलेली जागा घ्यावी, असे मी निःशंकपणे सांगेन. टाउनसेंडमध्ये लिटल रिव्हरच्या काठाने अशी अनेक कॅम्पग्राउंड आहेत आणि तेथून केड्स कोव्ह मोटारीने साधारण वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर आहे.

जागा निवडताना नदीकाठच्या जागांचा मोह होतो, कारण जाहिरातीतली छायाचित्रे त्यांचीच असतात. अशा जागांमध्ये बहुधा गाडी मागे घेत लावावी लागते, भोवती झाडे असतात आणि जोरदार पावसानंतर डोंगरातले पाणी झपाट्याने उतरते तेव्हा सर्वांत आधी त्याच रिकाम्या कराव्या लागतात. पहिल्या सहलीसाठी एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशी आरपार जागा मागावी, मग ती नदीपासून थोडी दूर असली तरी चालेल. मुले पाण्याजवळ चालत जाऊ शकतात. आरक्षण करताना गाडीची लांबी आणि बाजूला सरकून बाहेर येणारी खोली असल्यास तेही सांगावे, तसेच वीजजोडणी ३० अँपिअरची आहे की ५०ची, हेही विचारून घ्यावे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पानांचे रंग पाहायला मोठी गर्दी होते, त्यामुळे एप्रिल-मेमध्येच जागा पक्की करणे श्रेयस्कर. सुट्टीच्या तारखांत थोडी लवचीकता असेल, तर रविवार ते गुरुवार असा मुक्काम करावा. शनिवारच्या तुलनेत गर्दी आणि दर दोन्ही कमी असतात.

आता गाडीविषयी. मोटरहोम, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारी आरव्ही, तीन प्रकारची असते : बसएवढा ए वर्ग, व्हॅनच्या आकाराचा बी वर्ग आणि ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेला, चालकाच्या डोक्यावर झोपण्याचा माळा असणारा सी वर्ग. आपल्यासाठी २८ ते ३० फुटी सी वर्ग योग्य आहे. २६,००० पौंडांच्या आतील वजनाची असल्यामुळे ती जॉर्जियाच्या साध्या परवान्यावर चालवता येते. मात्र गाडीत किती जण ‘झोपू शकतात’ आणि किती जण ‘पट्टा लावून बसू शकतात’ हे दोन वेगळे आकडे असतात, ते दोन्ही विचारावेत. माळ्यावर चढायला शिडी लागते, म्हणून तो मुलांना द्यावा आणि मागचा पक्का पलंग आई-वडिलांना. तो स्वच्छतागृहाच्या जवळ असतो, आणि रात्री अंधारात उठणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. जेवणाचे टेबल खाली करून होणारा पलंग आपल्या दोघांच्या वाट्याला येईल आणि तो रोज सकाळी मोडावा लागेल, याची मानसिक तयारी ठेवावी.

भाड्याचा करार वाचताना प्रति रात्रीच्या दरापेक्षा इतर कलमांकडे अधिक लक्ष द्यावे. दिवसाला किती मैल मोफत आहेत, त्यापुढे प्रति मैल किती आकार आहे, जनरेटरच्या तासांचे पैसे वेगळे आहेत का, टाक्या रिकाम्या न करता परत दिल्यास दंड किती, अनामत रक्कम कधी परत मिळते, हे सर्व लेखी असावे. आपल्या मोटारीचा विमा किंवा क्रेडिट कार्डावरील संरक्षण आरव्हीला लागू होईल असे गृहीत धरू नये. ते बहुधा लागू होत नाही, म्हणून विमा कंपनीकडून स्पष्ट उत्तर घ्यावे. सी वर्गाची गाडी एका गॅलनमध्ये साधारण ८ ते १० मैल जाते. त्यामुळे जाण्या-येण्याचे मिळून ५०-६० गॅलन इंधन धरून चालावे.

अटलांटाहून जाताना नकाशाचे ॲप डोंगरातला जवळचा रस्ता सुचवील. तो नाकारावा. आंतरराज्य महामार्ग ७५ने चॅटनूगावरून नॉक्सव्हिलच्या अलीकडे यावे, तेथून अल्कोआ आणि मेरीव्हिलमार्गे अमेरिकी महामार्ग ३२१ने टाउनसेंड गाठावे. मोटारीला हा प्रवास सुमारे चार तासांचा आहे, आरव्हीला थांबे धरून साडेपाच तास द्यावेत. अमेरिकी महामार्ग १२९चा ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ म्हणून ओळखला जाणारा भाग, ज्यात ११ मैलांत ३१८ वळणे आहेत, तो तर आरव्हीसाठी विचारातही घेऊ नये. टेनेसीच्या हद्दीत तेथे ३० फुटांहून लांब ट्रक व जोडवाहनांना २०१५पासून बंदी आहे, आणि आपली गाडी नियमात बसली तरी समोरून येणारे मोटारसायकलस्वार वळण कापून आपल्या बाजूला येतात.

महामार्ग ७५वर कॅलहूनजवळ हायवासी नदी ओलांडताना पहाटे दाट धुके असू शकते. ११ डिसेंबर १९९० रोजी तेथे ९९ वाहनांची साखळी धडक होऊन १२ जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तेथे धुक्याची सूचना देणारी यंत्रणा बसवण्यात आली. सूचनाफलकावर वेग कमी करण्यास सांगितले असेल, तर आकाश स्वच्छ दिसत असले तरी तो कमी करावा. एकूण प्रवासात ताशी ६० मैलांच्या वर जाण्याचे कारण नाही. मोठा ट्रक शेजारून गेला की हवेचा झोत गाडीला ढकलतो, त्या वेळी सुकाणू घट्ट धरावे, पण झटका देऊ नये. गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी आणि खाद्यपदार्थांच्या ‘ड्राइव्ह-थ्रू’ छताखाली कधीही शिरू नये. वळताना मागच्या चाकांच्या पलीकडे असलेला गाडीचा भाग विरुद्ध दिशेला झुलतो. पेट्रोल पंपावर त्यामुळे अपघात होतात. गाडी ताब्यात घेतल्यावर अर्धा तास एखाद्या रिकाम्या वाहनतळावर सराव करावा. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा चारपर्यंत पोहोचण्याचे ठेवावे. अंधारात पहिल्यांदा गाडी लावणे टाळलेलेच बरे.

पोहोचल्यावर क्रम पाळावा. आधी गाडी ठोकळ्यांवर चढवून सपाट करावी, कारण गॅसवर चालणारा फ्रिज कलता राहिला तर नीट थंड होत नाही. मग खांबावरील विजेचे बटण बंद असताना, विद्युत संरक्षक मध्ये घालून तार जोडावी आणि नंतर बटण सुरू करावे. पाण्यासाठी पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी व दाब नियंत्रक वापरावा, कारण कॅम्पग्राउंडच्या नळाचा दाब गाडीच्या आतील जोडण्यांना सोसवेलच असे नाही. सांडपाण्याची नळी सर्वांत शेवटी, हातमोजे घालून जोडावी.

विजेचे गणित येथे मांडतो, कारण आपल्या स्वयंपाकघरात ते हमखास चुकते. ३० अँपिअरची जोडणी १२० व्होल्टला ३,६०० वॅट देते. त्यात वातानुकूलन यंत्र सुमारे १,५०० वॅट घेते, मायक्रोवेव्ह तितकेच, विजेवरचे पाणी तापवण्याचे यंत्र सुमारे १,४०० आणि इंडक्शन शेगडी १,८००पर्यंत. म्हणजे यांपैकी दोन उपकरणे एका वेळी चालतील, तिसरे लावताच बटण उडेल. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर येथे चालत नाही, म्हणून आईंनी सोबत आणला असला तरी तो घरीच ठेवावा. चटण्या, वाटणे आणि इडलीचे पीठ घरून तयार करून न्यावे. फ्रिज थंड व्हायला आठ-दहा तास लागतात, तेव्हा मालकाला तो आदल्या रात्रीच सुरू करून ठेवायला सांगावे.

फोडणीचे मात्र पथ्य पाळावे लागेल. आरव्हीच्या शेगडीवरचे छत हाताच्या अंतरावर असते आणि धूर, गॅस व कार्बन मोनॉक्साइड यांच्या सूचक घंटा जवळच बसवलेल्या असतात. मोहरी तडतडून मिरची पडली की घंटा वाजतेच. ती वाजू नये म्हणून कोणी तिची बॅटरी काढतो, ते जिवावर बेतू शकते. बाहेरच्या टेबलावर दोन बर्नरची गॅसची शेगडी ठेवून फोडणी, भाकरी आणि तळण तिथे करावे. आत फक्त चहा, दूध आणि गरम करणे ठेवावे. कुकरच्या शिट्ट्या रात्री दहाच्या आत उरकाव्यात, कारण दहानंतर कॅम्पग्राउंडमध्ये शांतता पाळण्याचा नियम असतो आणि तो लोक मनापासून पाळतात.

अन्न बाहेर उघडे ठेवणे हा इथे केवळ अव्यवस्थितपणा ठरत नाही. उद्यानात सुमारे १,९०० काळी अस्वले आहेत आणि ऑक्टोबरमध्ये हिवाळ्याआधी ती सतत खात असतात. जेवण झाले की भांडी, कचरा, तेलाची बाटली, अगदी रिकामे ताटसुद्धा गाडीत किंवा अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचरापेटीत गेले पाहिजे. अस्वल दिसले तर किमान ५० यार्ड दूर राहणे कायद्याने बंधनकारक आहे. शेकोटीसाठी घरून लाकूड नेऊ नये. किडींचा प्रसार रोखण्यासाठी उद्यानात बाहेरून फक्त उष्णताप्रक्रिया केलेले, प्रमाणित लाकूडच आणता येते. ते गावातल्या दुकानांत मिळते.

आता शौचालय, ज्याविषयी आपण संकोचाने विचारले आहे, पण जो प्रत्येक मराठी कुटुंबाच्या पहिल्या आरव्ही सहलीतला खरा प्रश्न असतो. गाडीत तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, अंघोळ व भांड्यांच्या सांडपाण्याची आणि मैल्याची. मैल्याची टाकी या आकाराच्या गाडीत ३० गॅलनच्या आसपास असते आणि सहा जणांत ती दोन-तीन दिवसांत भरते. पाणी वापरण्याच्या आपल्या सवयीने टाकी लवकर भरते, पण ती अडचण नाही. उलट, पाणी भरपूर असले तरच मैला वाहून जातो आणि तळाशी थर बसत नाही. म्हणून टमरेल खुशाल न्यावे. कागद वापरल्यास लवकर विरघळणारा वापरावा, ओले टिश्यू (वेट वाइप्स) कधीही टाकू नयेत. जोडणी असली तरी मैल्याच्या टाकीची झडप उघडी ठेवू नये, कारण मग पाणी निघून जाते आणि घन भाग मागे राहून साचतो. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर ती उघडावी, ती रिकामी झाली की बंद करून मग सांडपाण्याची झडप उघडावी, म्हणजे त्या पाण्याने नळी धुतली जाते. भांडी घासण्यापूर्वी तेल-तूप आणि भाताची शिते कागदाने पुसून कचऱ्यात टाकावीत. अंघोळीचे गरम पाणी एका वेळी सहा-दहा गॅलनच असते, म्हणून मोठ्यांनी कॅम्पग्राउंडच्या स्नानगृहात अंघोळ करणे सोयीचे.

गावाविषयी अपेक्षा बेताची ठेवावी. टाउनसेंडची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ५५० होती. किराणा मिळतो, पण कोथिंबीर, तूरडाळ किंवा पोहे मिळणार नाहीत. मोठी दुकाने आणि रुग्णालय मेरीव्हिलला, म्हणजे अर्ध्या तासावर आहे. आई-वडिलांची औषधे चार दिवसांपेक्षा जास्त पुरतील इतकी, आणि त्यांच्या प्रवासी आरोग्यविम्याची छापील प्रत जवळ असावी, कारण उद्यानात मोबाइलला बहुतांश ठिकाणी संपर्क मिळत नाही. नकाशेही आधीच उतरवून ठेवावेत. रविवारी अनेक ठिकाणे उशिरा उघडतात आणि चर्चची प्रार्थना सुटल्यावर दुपारी उपाहारगृहांत गर्दी होते. आपण शाकाहारी असाल तर भाज्यांकडे बघून निश्चिंत होऊ नये, कारण येथे फरसबी व घेवडा डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजवण्याची रीत आहे आणि ‘बिस्किट’ नावाने मिळणाऱ्या मऊ पावांत चरबी असू शकते. विचारल्यास लोक आनंदाने आणि सविस्तर सांगतात.

चार दिवसांचा भरगच्च कार्यक्रम आखू नये. केड्स कोव्हसाठी एक सकाळ राखून सूर्योदयाला तेथे असावे, त्या वेळी धुके, हरणे आणि मोकळा रस्ता तिन्ही मिळतात. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, परंतु १५ मिनिटांपेक्षा जास्त वाहन उभे करायचे असल्यास मार्च २०२३पासून वाहनतळाचा परवाना लागतो. दिवसाचा ५ डॉलर, आठवड्याचा १५. आपण आठवड्याचा घ्यावा आणि तो मोटारीच्या क्रमांकावर घ्यावा, आरव्हीच्या नव्हे. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांसाठी मला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे फूटहिल्स पार्कवे. वॉलंडपासून वेअर्स व्हॅलीपर्यंतचा तिचा भाग नोव्हेंबर २०१८मध्ये खुला झाला. डोंगराच्या कडेने पुलांवरून जाणारा हा रस्ता रुंद आहे, जागोजागी थांबण्यासाठी सज्जे आहेत आणि दृश्य पाहायला चालावे लागत नाही. ‘टकलीची कॅव्हर्न्स’ नावाची गुहा मुलांना आवडेल, तेथे बारमाही सुमारे १४ अंश सेल्सिअस तापमान असते, पण पायऱ्या पुष्कळ आहेत. त्याऐवजी आजी-आजोबांना गावातल्या हेरिटेज सेंटरमध्ये किंवा लाकूड कंपनीच्या जुन्या इंजिनाच्या संग्रहालयात न्यावे. तिथे बसायला जागा आहे आणि सांगणारी माणसे गप्पिष्ट आहेत.

कधी मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा येणे झाले, तर एल्कमाँटचे एकाच लयीत चमकणारे काजवे पाहण्याच्या सोडतीत नाव जरूर द्यावे. भंडारदऱ्याचे काजवे पाहिलेल्या नाशिककरांना त्यातला फरक पाहायला विशेष आवडेल.

ऑक्टोबरच्या रात्री टाउनसेंडमध्ये तापमान पाच ते आठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. गाडीतील हीटर गॅसवर चालतो, म्हणून निघण्यापूर्वी गॅसची टाकी भरलेली आहे हे पाहून घ्यावे, आणि तो रात्री मोठा आवाज करतो हे आई-वडिलांना आधीच सांगावे. हवामानाचा इशारा देणारे बॅटरीवरचे छोटे रेडिओ यंत्र जवळ असावे. वादळाचा इशारा मिळाल्यास आरव्हीत थांबू नये, कॅम्पग्राउंडच्या पक्क्या इमारतीत जावे. ती कोणती, हे पहिल्याच दिवशी कार्यालयात विचारून घ्यावे.

निघण्याच्या सकाळी जागा सोडण्याची वेळ बहुधा अकराची असते, तेव्हा आवराआवर साडेआठला सुरू करावी. दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, परतीच्या वाटेसाठी स्वच्छ पाणी पाव टाकीच ठेवावे, कारण एक गॅलन पाणी आठ पौंडांहून अधिक वजनाचे असते. सरकती खोली आत घ्यावी, छतावरच्या खिडक्या व पायरी बंद करावी, आणि एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारून तार, नळी वा ठोकळा मागे राहिला नाही ना, हे पाहिल्याशिवाय दुसऱ्याने इंजिन सुरू करू नये. इंधन अटलांटात शिरण्यापूर्वीच भरावे, कारण शहरातल्या अरुंद पंपांवर ही गाडी वळवणे कठीण जाते, आणि गाडी परत देण्यापूर्वी तिची आतून-बाहेरून छायाचित्रे काढून अनामत रक्कम हाती येईपर्यंत जपून ठेवावीत.